पानाची खालची बाजू

२९ जुलै, सोमवार

आले एकदाची. उमरेडच्या बसने फाट्यावर सोडलं तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, एक शेगडी आणि आईने बळेच दिलेली लोणच्याची बरणी होती. कंडक्टरने विचारलं, मॅडम शाळेत लागल्या का? म्हटलं, नाही, भुईमुगाची पानं बघायला लागलेय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बरणीकडे पाहिलं आणि घंटी वाजवली.

पण काम खरंच तेच आहे. बियाण्यांच्या एका कंपनीचं हे प्रयोगाचं शेत, कुहीच्या अलीकडे, नागपूरहून तासा-दीड तासावर. साठ वाण लावलेत. पावसाळ्यात भुईमुगाच्या पानांवर बुरशीचे ठिपके येतात, त्याला टिक्का म्हणतात. कोणत्या वाणावर तो किती आला हे दर आठवड्याला बघायचं आणि एक ते नऊपैकी आकडा द्यायचा. एक म्हणजे पान स्वच्छ. नऊ म्हणजे पानं गळून नुसत्या काड्या. एमएस्सीची दोन वर्षं मी भिंगातून हेच पाहत होते आणि नातेवाईक विचारायचे, याने पोट भरतं का गं? आता भरेल, सांगा त्यांना.

राहायला दोन खोल्या मिळाल्या. ओटा बरा आहे, नळाला पाणी आहे, न्हाणीत तळहाताएवढा आरसा आहे. खिडकीसमोर गोदाम, त्याच्यापलीकडे शेत. मॅनेजर गिरिधर सर नागपूरला राहतात, आठवड्यातून दोनदा येतात. आज खास माझ्यासाठी आले होते. शेतावरच्या बायकांच्या मुकादम सिंधूताई चहा घेऊन आल्या, पण सरांनी तो घेतला नाही. ॲसिडिटी आहे म्हणाले. मुलाखतीत त्यांनी घरचं कोणी सोबत आणणार का असं विचारलं होतं, आणि मुलीचं सांगितल्यावर खूश झाले होते. माणूस चांगला वाटला.

मुलीसाठीच तर हा सगळा खटाटोप. अदिती सात वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून नंदनवनला माझ्या आईकडे राहते. तिचे बाबा पुण्यात आहेत आणि तिथेच राहणार आहेत, त्यांच्यावर मी इथे शाई घालवणार नाही. पोळ्याच्या सुट्टीत तिला इथे आणायचं, घर दाखवायचं, आणि दिवाळीनंतर उमरेडच्या शाळेत नाव घालायचं. मग आम्ही दोघी. आज मी फार आनंदात आहे.

३१ जुलै, बुधवार

रामाजींनी आज माझी परीक्षा घेतली. हे इथले जुने नोंदणीकार, सत्तरीला आले असतील, एकोणीस खरीप त्यांनी याच शेतावर काढलेत. पहिल्या दिवशी मला मॅडम म्हणाले, दुसऱ्या दिवशी बाई, आज सरळ एकेरीवर आले. मला आवडलं.

सहाव्या ओळीजवळ उभं करून म्हणाले, सांग काय दिसते? मी ऐटीत सांगितलं की ठिपका तपकिरी आहे, भोवती पिवळं कडं आहे, म्हणजे लवकर येणारा टिक्का. बरोबर. पुढचं झाड? मी म्हटलं स्वच्छ, एक. ते हसले. पानाच्या मागून बोट घालून त्यांनी ते अलगद वळवलं. खाली काळे, गोल ठिपके होते, कडं जवळजवळ नाहीच. मला म्हणाले डोळे मीट आणि बोट फिरव. खरखरीत लागलं. हा उशिरा येणारा टिक्का, जास्त वाईट. वरून पान हिरवंगार दिसतं आणि खालून भरलेलं असतं.

“पान उलटून पाह्य वं बाई,” म्हणाले. “वरून तं सारंच साजरं दिसते.”

शेंबड्या पोराला शिकवतात ते मी एमएस्सी होऊन विसरले, त्याची लाज वाटली. आता मी रोज दोनशे पानं उलटते.

४ ऑगस्ट, रविवार

काल गोदाम उघडलं. मागच्या वर्षीचा रोगट पाला वाळवून पोत्यांत भरून ठेवलेला असतो. तो ओळींमध्ये हाताने पसरायचा, म्हणजे रोग सगळ्यांना सारखा लागतो. शिवाय दर पाच ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची असते की जो टिक्क्याला पटकन बळी पडतो. त्याच्यावरून तो शेजाऱ्यांकडे जातो. शेतकरी ऐकेल तर आम्हाला वेड्यात काढेल, पण प्रयोग असाच करतात. आणि औषध मारायचं नाही. कितीही वाईट दिसलं तरी नाही. रामाजी म्हणाले, आपलं काम पाहायचं आणि लिहायचं, फवारा मारला तर कोणतं झाड तगतं ते समजणार कसं?

मीही चार पोती पसरली. धूळ फार. नाकातोंडात गेली, कपड्यांच्या आत गेली. दोनदा आंघोळ केली तरी वास जात नव्हता, ओल्या शेंगांसारखा.

अदितीशी फोनवर बोलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, त्याला तिला चाकांचा लाकडी नंदी हवा आहे, मागच्या वर्षीसारखा शेजाऱ्याचा उसना नको. नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पैसे नि खाऊ, मागायला कुठे कुठे जायचं त्याची तिने यादीच केलीय.

८ ऑगस्ट, गुरुवार

इथली माणसं फार शांत आहेत. नागपुरात आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरून रोज रामायण होतं, इथे दहा दिवसांत मी कोणाचा आवाज चढलेला ऐकला नाही. आज निंदण चालू असताना सिंधूताईंच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. बोटभर लांब. त्या तासभर तशाच चालत होत्या, मला रक्ताचे ठसे दिसले म्हणून मी ओरडले. त्यांनी पाय वर करून पाहिला, काटा उपटला, टाकला आणि पुढची ओळ धरली.

दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितलं की त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. पाऊस येईलसं वाटते म्हणतात, त्याच आवाजात सांगितलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “काहून रडून राह्यल्या वं बाई तुमी?”

कष्टाची माणसं. मन घट्ट झालेलं असतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

रामाजी खाली वाकून पान उलटत होते आणि मी मागे उभी होते. त्यांच्या कानामागे, मानेवर काळे गोल डाग आहेत. आधी वाटलं की उमरेडकडची कोळशाची धूळ असेल, तिकडचे ट्रक दिवसभर जातात. पण धूळ गोल नसते. सारख्या आकाराची नसते.

मग मी एक आगाऊपणा केला. त्यांच्या मानेवर किडा आहे म्हणून हात लावला. खरखरीत लागलं.

पिकाचा रोग माणसाला होत नाही, हे मी परीक्षेत लिहिलंय आणि मार्क घेतलेत. तरी खोलीवर येऊन दार लावलं आणि स्वतःला तपासलं. हात, दंड, गळा, पोट, मांड्या, आरशात तोंड. काही नाही. एक. मोठ्याने हसले आणि चहा टाकला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दाराला कडी लावून लिहितेय.

कार्यालयातल्या कपाटात मागच्या वर्षीच्या नोंदी शोधत होते. खालच्या कप्प्यात आणखी एक वही होती, रामाजींच्या अक्षरात. तशीच आखलेली, डावीकडे नावं, वर आठवडे. पण नावं वाणांची नाहीत. सिंधूताई : ५, ५, ६, ६. रामाजी : ७, ७, ७, ८. आणि मी. दीप्ती : १, २, ३.

मागच्या वर्षीच्या पानावर मेघा नावाची कोणी होती. माझ्याच जागेवर. १, २, ४, ६, ८, ९. पुढे रकाने कोरे.

मी वही घेऊन तडक रामाजींकडे गेले. ते रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. म्हणाले, “म्या काही वाईट नाही केलं. जे दिसलं ते लिवलं.” मी विचारलं, मला सांगितलं का नाही? तर म्हणाले, “सांगून काय होते? तुले काही दुखून राह्यलं काय?”

मेघाचं विचारलं, तेही त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरात ती शेतातच बसून राहिली, दोन-तीन दिवस. बोलवायला कोणी गेलं नाही, कारण कोणाला काही वाटलं नाही. काढणीला लोक तिथे गेले तर नुसते कपडे होते, बाकी पाला. तो बाकीच्या पाल्याबरोबर पोत्यांत भरला.

ती पोती मी पसरलीत. माझ्या या हातांनी.

गिरिधर सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले की तुम्ही नोंद व्यवस्थित ठेवा आणि पोळ्याला मुलीला जरूर आणा. आता कळलं की ते इथे चहासुद्धा का घेत नाहीत.

तिसऱ्या आठवड्याला तीन. पण मला डाग नाहीत. मी सगळीकडे पाहिलंय.

१८ ऑगस्ट, रविवार, नंदनवन

काल पहिल्या बसने घरी आले. सीताबर्डीला उतरून अदितीसाठी नंदी घेतला, लाल चाकांचा. दुकानदाराशी बोलताना मला रडू येत होतं. घरी गेल्यावर अदिती धावत आली, मी तिला दाराशीच थांबवलं आणि सर्दी झालीय म्हणाले. ती हिरमुसली. तिचे हात, पाय, पाठ, तळवे, कानांमागे सगळं भिंगाने पाहिलं. ती खिदळत होती, तिला वाटलं खेळ आहे. ती स्वच्छ आहे. पूर्ण स्वच्छ.

आज आई डोक्याला तेल लावून देत होती. केस बाजूला केले आणि तिचा हात थांबला. हे पाठीवर काय गं? मी म्हटलं कुठे? ती म्हणाली, इथे, दाबतेय ना मी. इथे. इथे.

मला कळतच नव्हतं ती दाबतेय म्हणून.

आईने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. मानेपासून कमरेपर्यंत. काळे, गोल. कडं नाही.

मी फक्त वरची बाजू तपासली होती. दोनशे पानं रोज उलटणारी मी.

भीती वाटतेय. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.

१९ ऑगस्ट, सोमवार

त्वचेच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून विचारलं, कळतंय का? नाही म्हटलं. सगळ्या तपासण्या केल्या, त्यांना कुष्ठरोगाची शंका होती, त्याचं काही सापडलं नाही. साधी बुरशी असेल म्हणाले, मलम दिलं. आईचा जीव भांड्यात पडला. मी तिला सांगणार काय, की मला भुईमुगाचा टिक्का झालाय?

ठरवलं. नोकरी सोडायची. उद्या जायचं, सामान आणि ती वही घ्यायची, दुपारच्या बसने परत. वही कोणाला तरी दाखवायची. गावातल्या त्या बायकांना कोणी तरी विचारायला हवं.

२० ऑगस्ट, मंगळवार

शेतावर आले. आज उशीर झाला. सामान भरलं, बस गेली. उद्या जाईन.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बॅगा भरून दाराशी ठेवल्यात. दोन दिवस झाले. फाटा दीड किलोमीटर आहे, बस तासातासाला आहे, मला कोणी अडवलेलं नाही. मी सकाळी उठते, ठरवते, आणि मग शेतात जाते, कारण गुरुवार हा नोंदीचा दिवस.

हे काय होतंय ते मला समजतंय. नुसती कातडी बधिर होत नाही. आतलंही होतं. दुखणं जातं, मग रडू जातं, मग भीती जाते. निघायला लागते ती भीतीच, आणि तीच आधी संपते. म्हणून कोणीच इथून जात नाही. सिंधूताईंना मुलाचं काही वाटत नाही ते मन घट्ट झालं म्हणून नाही.

अजून थोडी शिल्लक आहे तोवर लिहून ठेवते. दीप्ती, तू नंतर हे वाचशील तेव्हा तुला काही वाटणार नाही. तरी ऐक. विचार करू नकोस, नुसतं ऐक.

अदितीला इथे आणायचं नाही.

आली तर लगेच परत पाठवायचं.

ती रडत असेल तर ती बरी आहे. रडतेय तोवर पाठव.

२५ ऑगस्ट, रविवार

तेविसाव्या ओळीला सात. अठ्ठाविसाव्याला सहा. वाण चांगला म्हणत होते, तोही पडला.

सिंधूताईंनी भाजी आणून दिली. खूप तिखट असावी, नाकातून पाणी येत होतं. जिभेला काही लागलं नाही.

वहीत माझा आकडा मीच लिहिला. पाच. रामाजींचे डोळे आता चांगले दिसत नाहीत, त्यांनीच सांगितलं की तू लिही. बरोबर आहे, कोणी तरी लिहायला हवं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

बॅगा उघडल्या. कपडे लागत होते.

गिरिधर सर आले होते. गाडीतूनच बोलले, काच चार बोटं खाली करून. आता तुमच्यासकट सगळेच जुने झालेत म्हणाले, नवीन काही नसलं तर पुढच्या वर्षी नोंदीला अर्थ राहत नाही. मुलगी कधी येतेय विचारलं. पोळ्याला, मी म्हटलं.

असं का म्हटलं ते माहीत नाही. खरं म्हणजे ठरलेलं तेच होतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आईचा फोन आला. पाठीचं विचारलं. गेलं म्हटलं. अदिती रोज रडतेय म्हणाली, घेऊन येऊ का? हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर वाटलं की काही तरी राहिलंय. गॅस बंद होता. दार लावलेलं होतं.

सिंधूताई म्हणाल्या, “आणजो ना वं पोरीले. घर भरल्यावानी वाटते.” त्यांना काय वाटतं ते त्यांनाच माहीत.

१ सप्टेंबर, रविवार

दुपारी आई अदितीला घेऊन आली. आईला चारची बस होती, गुडघे दुखतात, थांबली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, बारीक झालीस. जाताना दोनदा वळून पाहिलं.

अदितीने नंदी आणलाय. तो घेऊन ती दोन्ही खोल्यांत फिरली. गोदामाच्या दाराला हात लावून आली. बडबड चालू होती. मी ऐकत होते. माझ्या बरगड्यांच्या खाली जिथे काही तरी हलायला हवं तिथे काही हललं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली.

तिने विचारलं, मम्मी, तू हसून का नाही राहिली?

हसले.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

पुरणपोळी केली. तव्यावर उलटताना हात टेकला असावा. मी पोळीकडे बघत होते. अदिती किंचाळली.

“मम्मी, हात! तुझा हात जळून राहिला!”

पाहिलं तर तळवा तव्यावर होता. वास येत होता. उचलला. अदिती खूप रडली. ओट्याखाली जाऊन बसली, बाहेर येईना. मी पोळ्या पूर्ण केल्या. एवढं रडण्यासारखं काय झालं ते मला कळत नव्हतं, म्हणून रोजनिशी काढली. आधी काही लिहिलं असेल तर.

बावीस तारखेचं पान सापडलं.

अक्षर माझं आहे. दाबून लिहिलंय, कागद फाटलाय एका जागी. तीनदा वाचलं. ज्या बाईने हे लिहिलं तिला काही तरी फार वाटत होतं. मला ते आठवत नाही. पण तिने लिहिलंय की विचार करू नकोस.

अदितीला तपासलं. दोन्ही बाजूंनी. कानांमागे, तळवे, बोटांच्या मध्ये. स्वच्छ. भिंग लावलं तरी रडत होती.

रडतेय म्हणजे बरी आहे. तसं लिहिलंय.

आता बस नाही. सण आहे. उद्या.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ

आईला फोन केला. नऊच्या बसने अदितीला कंडक्टरच्या ताब्यात देते, स्टँडवर येऊन उभी राहा. आई विचारत राहिली काय झालं गं, बोल ना, काय झालं. सांगण्यासारखं काही सापडलं नाही. म्हटलं, ये फक्त.

मी जायचं नाही. माझ्या अंगावर आहे, मी गेले तर तिच्यासोबत तेही जाईल. हे मी पिकाच्या हिशेबाने ठरवलं. दुसऱ्या कशाने ठरवता येत नाही.

रामाजी दाराशी येऊन उभे राहिले. पोरीचं नाव काय लिहू विचारत होते. लिहू नका म्हटलं. ते तसेच उभे. रागावले नाहीत. सिंधूताई मागे. बायका मागे. कोणी अडवलं नाही. सगळे नुसते बघत होते —

३ सप्टेंबर, फाट्यावर

बसची वाट बघतोय. लिहीत राहिले नाही तर विसरेन काय करायचंय ते, म्हणून लिहितेय. रोजनिशी मांडीवर. उजव्या हातात पेन. डाव्यात अदितीचा हात.

येताना ती फार रडत होती. आजच तान्हा पोळा आहे, आजच का पाठवतेस, मी काय केलं. मग दुसरंच रडू लागली. हात दुखतोय मम्मी, हात सोड. पाहिलं तर तिची बोटं पांढरी पडली होती. मी केवढं दाबत होते ते मला समजलं नाही. सैल केला.

आता किती सैल आहे ते समजत नाही. दाबला तर तिला लागतं. सोडला तर — मधूनमधून बघावं लागतं, आहे ना. आहे. नंदी तिच्या दुसऱ्या हातात आहे. चेहरा लाल झालाय. नाक वाहतंय. रडतेय. छान.

पाहिलं. आहे.

रस्त्याच्या पलीकडे सिंधूताई येऊन उभ्या राहिल्यात. इतक्या लांब त्या कधी येत नाहीत. हात पुढे केलाय. बोलवतात तसा —

पुन्हा वाचलं. आली तर लगेच परत पाठवायचं. रडतेय तोवर पाठव. ठीक.

बस दिसतेय. वळणावर. लाल. उठायला हवं, हात दाखवायला हवा. आधी एवढी ओळ पूर्ण —

रडण्याचा आवाज थांबलाय.

कधी थांबला ते — मी लिहीत होते. डावा हात मांडीशेजारी आहे, मूठ मिटलेली आहे असं वाटतं, पण वाटतं म्हणजे — बघायला हवं. खाली बघायला हवं. ही ओळ झाली की बघ